न कापलेला पाय

बाई, तुम्ही गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस तुमच्या पायाची एकच गोष्ट सांगतोय. लातूरला सर्जननं पाय कापायचा म्हटलं आणि सरूबाईंनी ठणकावून सांगितलं, मरेन पण पाय देणार नाही. परवा दहाव्याला, शिकत असताना तुमच्या मेसमध्ये जेवलेला आणि आता डॉक्टर झालेला एक जण हेच सांगताना रडला. मी सगळ्यांना चहा देत होते.

तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता. कारण तुम्ही असं काही म्हणालाच नव्हतात. तुम्ही म्हणाला होतात, "कापा. जून लागायच्या आत मला उभं राहायचं हाय." खोलीत तेव्हा सर्जन होते, तुम्ही होतात आणि मी होते. लोकांना जे वाटतं ते वाटू दे. पण तुमच्याशी तरी मी खरंच बोलते.

आपण दोघी जावा. तुम्ही थोरल्या, गावाकडच्या. मी धाकटी, नांदेडची, पाटबंधारे खात्यात नोकरी करणारी. लग्नकार्यात भेटायचो, एकमेकींच्या साड्यांना हात लावून पाहायचो आणि आपापल्या घरी जायचो. माझ्यामागे तुम्ही मला 'ऑफिसवाली' म्हणायचात, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. मीही तुम्हाला काही फार जवळचं मानत नव्हते. दोन भावांच्या बायका, एवढंच आपलं नातं.

मग भूकंप झाला. दगडमातीचं अख्खं घर थोरल्या भावजींवर कोसळलं. तुम्ही तेवढ्यापुरत्या बाहेर आला होतात म्हणून वाचलात. लेकरूबाळ नव्हतं. आम्ही नवराबायको तुम्हाला नांदेडला न्यायला आलो, तेव्हा तुम्ही मदतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये भल्यामोठ्या परातीपुढे पीठ मळत बसला होतात. रडला नाहीत. मान वर करून म्हणालात, "ह्या लोकांचं जेवण होऊ द्या, मग येते." आणि आलाच नाहीत. आज या पंगतीला, उद्या त्या पंगतीला, असं करत तुम्ही शंभर माणसांचा स्वयंपाक एका अंदाजात करायला शिकलात. मला वाटतं, त्या दिवसांत तुम्हाला दुसरं काही सुचण्यासारखं उरलंच नव्हतं.

पुढं लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. जून लागला की नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं यायला लागली. एका खोलीत चार-चार पोरं, भिंतीवर सूत्रांचे कागद, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. त्यांना जेवण लागतंच. तुम्ही क्लासच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, त्याही पत्र्याच्या. शेजारच्यांनी स्लॅब टाकला तरी तुम्ही टाकला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "पत्रा पडला तर माणूस उठून झटकून टाकतो."

तेव्हापासूनच तुमची बोटं सुजायची. सकाळी मूठ वळायची नाही. चहाच्या पातेल्याच्या वाफेवर हात धरून बसायचात आणि मग कामाला लागायचात. पीठ मळून मळून हात गेले, असं तुम्ही म्हणायचात आणि आम्हीही तेच धरून चालायचो. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणायच्या, घ्यायच्या, विसरायच्या. बोटांच्या दुखण्याचा आणि पुढच्या जखमेचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

कुकरचं झाकण निसटून नडगीवर पडलं, तिथून सगळं सुरू झालं. आधी नुसतं लाल झालं, मग वर पुवाची एक पुटकुळी आली. ती फुटली आणि तिथली कातडी मरायला लागली. बघता बघता जखम तळहाताएवढी झाली. मधे काळं, सभोवती ओलं, आणि कडेला वांग्यासारखा जांभळा काठ. दुखायचं तर इतकं, की लुगड्याचा काठ लागला तरी तुम्ही ओठ चावायचात. साखर तपासली, ती नव्हती. इंजेक्शनं झाली, महागाच्या गोळ्या झाल्या. फरक पडला नाही.

तुम्ही पायाला पट्टी गुंडाळून, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून वाढत होतात. एका पोराची आई जळकोटहून भेटायला आली होती. तिनं पाय पाहिला. तुमच्यापुढं काही बोलली नाही, पण दारात जाऊन दुसऱ्या बाईला म्हणाली, "महारोग असंल काय वो? आन् पोरं हिच्या हातचं खातेत!" तुम्हाला ते ऐकू गेलं. त्या आठवड्यात निम्मी पोरं दुसऱ्या मेसमध्ये गेली. जाताना पाया पडून गेली, हे तुम्ही मला मुद्दाम सांगितलंत. त्यांचा राग आला नव्हता तुम्हाला. "आईबापानं लांबून धाडलेली लेकरं," म्हणालात, "त्यांनी कशाला जोखीम घ्यायची?" मग तुम्ही स्वतःच चूल बंद केलीत.

सर्जन वाईट माणूस नव्हते. मी आजही त्यांना दोष देत नाही, तुम्हीही कधी दिला नाहीत. सडलेलं दिसलं की कापून काढायचं, हे कुठल्याही शस्त्रक्रिया करणाऱ्याला पटण्यासारखंच आहे. त्यांनी भूल देऊन जखम साफ केली. चार दिवसांत ती आणखी पसरली. त्यांनी पुन्हा, जास्त खोलवर साफ केली. ती घोट्यापर्यंत उतरली. तेव्हा ते खुर्ची ओढून तुमच्या कॉटशी बसले आणि म्हणाले, "मावशी, गँग्रीन आहे. वर चढतंय. गुडघ्याखालून पाय काढला तर जीव वाचेल."

आणि तुम्ही म्हणालात, कापा.

मी रजा काढून आले होते. सर्जन बाहेर गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "बाई, कापायच्या आधी एकदा नांदेडला दाखवू."

"कशाला? तिथं पाय दुसरा लावून देतेत का?"

"आमच्या घराजवळ एक त्वचारोगाच्या डॉक्टरीण आहेत. खूप बारकाईनं विचारतात. एकदा बघू देत."

"मंगल, भूकंपात ढिगाऱ्यातनं लोक काढले. कुणाचा हात ठेवला तिथंच, कुणाचा पाय. जगलीच ना ती मानसं? तू नव्हतीस तिथं, म्या व्हते."

मी तुमचा हात धरला. धरवत नव्हता, इतका सुजला होता. मग तुम्हीच म्हणालात, "बरं. पन तिनं बी कापा म्हनलं, तर पुन्हा तिसरा डॉक्टर काढायचा न्हाई." मी हो म्हटलं.

नांदेडच्या डॉक्टरीण बाईंनी पट्टी सोडली आणि पहिल्यांदा जखमेकडे नाही, पावलाकडे पाहिलं. बोटं हातात धरली, घोट्यापाशी दोन बोटं ठेवून नाडी शोधली. म्हणाल्या, "पाऊल गरम आहे. नाडी चांगली लागतेय. रक्त खालपर्यंत पोचतंय. मग कातडी का मरतेय?" त्या जणू स्वतःलाच विचारत होत्या. मग त्यांनी विचारलं, "साफ केल्यावर जखम कमी झाली की वाढली?"

"वाढली," मी म्हटलं.

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

त्यांनी तुमचे हात पुढं घेतले. सुजलेली बोटं दाबून पाहिली, सकाळी किती वेळ आखडतात ते विचारलं. आणि मग त्यांना मनगटावर ती पुटकुळी दिसली. लातूरला सलाईनची सुई जिथं टोचली होती, नेमकी तिथं, पुवानं भरलेली. त्या ती बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "मावशी, सुई टोचली तिथंही तुमची कातडी चिडलीय. म्हणजे हे बाहेरच्या जंतूंचं काम दिसत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या रक्तात शत्रूशी लढणाऱ्या पेशी असतात. कधी कधी त्या आपल्याच शरीरावर उलटतात. तुमच्या सांध्यांवर त्या कित्येक वर्षांपासून उलटल्या होत्या, त्याला संधिवात म्हणतात. आता त्या कातडीवर उतरल्यात. या जखमेला पायोडर्मा गँग्रेनोसम म्हणतात. नावात गँग्रीन आहे, पण खरं गँग्रीन नाही. पू आहे, पण जंतूंचा नाही. आणि याला सुरी लावली की हे भडकतं. "पाय कापला," त्या म्हणाल्या, "तर कापलेल्या जागी पुन्हा हेच सुरू होऊ शकतं."

तुम्ही विचारलंत, "मंग इलाज?"

"गोळ्या. स्टिरॉइड. शरीराचा हा राग खाली आणणाऱ्या. पण माझा अंदाज चुकला आणि आत खरंच जंतू असले, क्षय असला, कॅन्सर असला, तर याच गोळ्यांनी सगळं हाताबाहेर जाईल. यासाठी एकच अशी तपासणी नाही की केली आणि कळलं. बाकीचं एकेक नाही असं ठरवत जावं लागतं. काठाचा छोटा तुकडा काढून पाठवते, रक्त गोठण्याचा दोष नाही ना ते पाहते. तोवर थांबायचं."

त्यांच्या तोंडून 'माझा अंदाज चुकला तर' हे ऐकून मी घाबरले. तुम्हाला मात्र तेच आवडलं. बाहेर आल्यावर म्हणालात, "ही बाई खरं बोलते. हिच्या गोळ्या खाईन म्या."

ते थांबण्याचे दिवस मला आठवतात. आमच्या पुढच्या खोलीत तुमची कॉट टाकली होती. पंखा लावला तर वाऱ्यानंही दुखायचं. आमची मुलं बाहेरच्या बाहेर खेळायची. मी ऑफिसातून घरी यायचे तेव्हा तुम्ही डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असायचात. आमच्या घराला स्लॅब होता. "मंगल, हे वर लई जड वाटून राहिलं," असं एकदा म्हणालात. दुसऱ्या दिवशी ह्यांनी तुमची कॉट व्हरांड्यात पत्र्याखाली हलवली. उकाडा होता, पण तुम्ही तक्रार केली नाहीत.

तपासण्या आल्या. जंतू नाहीत, क्षय नाही, कॅन्सर नाही. गोळ्या सुरू झाल्या, तेही दवाखान्यात ठेवून, रोज साखर आणि रक्तदाब बघत. जखम आधी बरी झाली नाही. आधी थांबलं ते दुखणं. एका दुपारी मी डबा घेऊन आले तर तुम्ही झोपला होतात. नुसतं पडून नव्हतात, तोंड उघडं टाकून, घोरत झोपला होतात. मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले आणि मला रडू आलं. कितीतरी आठवड्यांत तुम्हाला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मग जांभळा काठ सपाट होत गेला. दुसरं एक औषध जोडलं, सायक्लोस्पोरिन, म्हणजे स्टिरॉइड कमी करता येईल. पट्टी मीच बदलायचे. ओढायचं नाही, खरवडायचं नाही, भिजवून अलगद सोडवायचं. तुम्ही मला शिव्या घालायचात, लगेच माझ्या गालाला हात लावायचात. औषधानं तुमचा चेहरा गोल गरगरीत झाला. भूक इतकी लागायची की मुलांच्या डब्यातलं खायचात आणि लपवायचात. कॉटवर बसून माझ्या स्वयंपाकघरावर हुकूम चालायचा. "फोडणी जळली. वास येऊन राहिला." मी चिडायचे. पण बाई, माझ्या सासरच्या इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. आईबद्दल, पहिल्या गर्भाबद्दल, जो राहिला नाही. थोरल्या भावजींच्या तापट स्वभावाबद्दल. तुमच्या दुखण्यानं मला एक मोठी बहीण दिली, असं मला त्या दिवसांत वाटायचं. तसं म्हणायला मात्र कधी जीभ रेटली नाही.

जखम भरायला कित्येक महिने गेले. जून तर केव्हाच निघून गेला. भरली तेव्हा तिथली कातडी पातळ, चाळणीसारखी ठिपक्याठिपक्यांची झाली होती. तुम्ही लातूरला परत गेलात आणि चूल पेटवलीत. उद्घाटनाला मी आले होते. दारात लोखंडी खुर्ची टाकून, लुगडं घोट्याच्या वर घेऊन, पाय पुढे पसरून तुम्ही बसला होतात. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला म्हणत होतात, "आधी हे बघून घ्या. लागट न्हाई. हात लावून बघा. माझंच रक्त माझ्यावर उलटलं व्हतं, आता गोळ्या खाऊन गप बसवलंय. पटलं तर पोराला जेवाया धाडा." काही जण मागच्या मागं गेले. शिरूर अनंतपाळच्या एका शेतकरी बाईनं मात्र खाली बसून खरंच हात लावला आणि म्हणाली, "लई सोसलंत माय." आत जाऊन तुम्ही विनाकारण भांडी वाजवलीत.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. लोकही इथंच थांबतात.

त्यानंतरचं आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. बरं वाटलं की तुम्ही मनानं गोळ्या कमी करायचात. एकदा तर पूर्ण बंद केल्यात आणि दुसऱ्या पायावर पुटकुळी आली. पुन्हा नांदेड, पुन्हा तेच सगळं. मी ओरडले तुमच्यावर. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुला पाय दिसतो. मला बाकीची सरू दिसते." खरंच होतं ते. डोळ्यांत मोतीबिंदू, हाडं ठिसूळ, साखर वाढलेली, खरचटलं तर निळे डाग. "एक पाय राखाया बाकी समदं देऊन टाकलं. कापला असता तर लाकडाच्या पायावर पन उभी राह्यले असते म्या." मी म्हणायचे, कापला असता तर जखम वर चढली असती, डॉक्टर म्हणाल्या होत्या. तुम्ही म्हणायचात, "असती, असती. असतीचं काय खरं?" आणि विषय तिथंच तुटायचा.

या शेवटच्या वेळी ताप आला, छातीत कफ भरला. लातूरच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरला मी तुमची सगळी हकीकत सांगितली, सुया शक्य तितक्या कमी टोचा म्हटलं. तो भला होता, त्यानं ऐकलं. निमोनियाच होता. मी त्याला विचारलं, या गोळ्यांमुळे प्रतिकार कमी झाला म्हणून असं झालं का? तो म्हणाला, "थोडं त्यामुळे, थोडं वय, थोडी साखर. वेगळं काढून सांगता येणार नाही." म्हणजे तुमच्या आणि माझ्या भांडणाचा निकाल त्यालाही लावता आला नाही. तोंडावर मास्क होता, त्यामुळे तुम्हाला बोलता येत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुमच्या डोळ्यांत राग होता की माया, ते मला कळलं नाही. माझं मन मायाच म्हणतं. पण मनाला काय, सोयीचं तेच वाटतं.

एक गोष्ट मात्र मी दहाव्याला कुणाला सांगितली नाही, आणि तुम्हीही कधी कुणाला सांगितली नसणार.

मेस पुन्हा नीट चालायला लागल्यावर, एका हिवाळ्यात तुम्ही अचानक फोन केलात. "मंगल, गावाला जाऊन येऊ." सरकारनं बांधून दिलेल्या नव्या गावाला नाही, जुन्या. भूकंपानंतर तिथं तुम्ही पाऊल टाकलं नव्हतं. मी विचारलं, "पाय?" तुम्ही म्हणालात, "पायानंच जायचं की."

डॉक्टरांनी ओरखडाही नको म्हणून बजावलेलं होतं. मी ह्यांचे जाड लोकरी मोजे घेऊन आले आणि एस. टी. स्टँडवर तुम्हाला गुडघ्यापर्यंत चढवले. तुम्ही खाली बघून म्हणालात, "क्रिकेट खेळाया निघाल्यावानी दिसून राहिले." पूर्ण प्रवासभर मधूनमधून हसत होतात.

जुनं गावठाण म्हणजे वेड्या बाभळीचं रान झालं होतं. दगडांचे ढीग, मधे गवत, कुठं एखादा रांजण फुटून पडलेला. मला सगळीकडे सारखंच दिसत होतं. तुम्ही मात्र कुणाला न विचारता, डावीकडं, मग उजवीकडं, असं चालत एका सपाट जागी येऊन थांबलात. "हितं चूल," म्हणालात. थोडं पुढं सरकलात. "हितं त्यांची खाट." मग खाली बसलात, नीट मांडी घालून, दुखऱ्या पायासकट. कितीतरी वर्षांनी तुम्हाला तशी मांडी घालता आली होती. जमिनीवर हात फिरवत म्हणालात, "भाकर कडक लागायची त्यांना. मऊ दिली की ताट सरकवायचे." तुम्ही रडला नाहीत. मी रडले, आणि तुम्ही तुमच्या पदरानं माझे डोळे पुसलेत.

ऊन उतरायला लागलं तशा आपण निघालो. आलो ती वाट मला सापडेना. बाभळीच्या फांद्या दोन्ही बाजूंनी आत आल्या होत्या, बोटाएवढे लांब काटे. मी घाबरून म्हटलं, "बाई, थांबा, मी पुढं होते. तुमच्या पायाला काटा लागला तर सगळं पुन्हा सुरू होईल."

तुम्ही वाकून एक वाळकी काठी उचललीत. पहिली फांदी बाजूला सारलीत आणि माझ्या पुढं झालात.

"माझ्या मागून ये," म्हणालात. "मला वाट म्हाईत हाय."